कुंडीच्या तळाशी खडी घातल्याने निचरा सुधारत नाही

"कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्या, पाणी साचणार नाही," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतो, पण घडतं उलट. मातीच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात; खडीजवळची माती चिंब झाल्याशिवाय ते खाली उतरत नाही. त्यामुळे चिंब थर वर सरकतो, थेट मुळांजवळ. रोपं विकायच्या लहान पिशवीत तर खडीमुळे मुळांची जागाही घटते.

पडताळायला दोन सारखे पारदर्शक डबे घ्या, तळाला भोकं पाडा. एकात खडी घाला, दोन्हींत तीच माती भरा, भरपूर पाणी द्या. निथळल्यावर काचेसारख्या भिंतीतून गडद ओला पट्टा कुठे थांबलाय ते बघा. निचऱ्यासाठी मिश्रणच भरड ठेवा, परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा झाडाच्या सालीचे तुकडे घालून. भोकावर एक खापरी पुरते, तीही फक्त माती निसटू नये म्हणून.