कॅमेऱ्याचा भाव नक्की कधीपासून पडायला लागला

आज सेकंडहँड बाजारात जुना ॲलेक्सा क्लासिक, म्हणजे ॲरी कंपनीचा सिनेमाचा डिजिटल कॅमेरा, बघितला की पोटात गोळाच येतो. 2010 साली आला तेव्हा नुसती बॉडी 50 हजार युरोच्या आसपास होती आणि आता तोच काही हजार डॉलरला मिळतो, त्यातही घेणारा म्हणतो अजून थोडं कमी करा.

फिल्मच्या काळात असं नव्हतं. तेव्हा कॅमेरा म्हणजे निव्वळ यंत्र, फिल्म एकेक फ्रेम ओढायची, गेटमध्ये घट्ट धरायची, शटर फिरवायचं, झालं काम. म्हणून तर शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि मंडळींनी कॅमेरा स्वतःच घडवला. चित्र उमटायचं ते फिल्मवर, त्यामुळे कोडॅकने नवा स्टॉक (कच्ची फिल्म) काढला, समजा 2007 चा व्हिजन 3, की तो ॲरीच्याच वीस वर्षं जुन्या ॲरीफ्लेक्स फिल्म कॅमेऱ्यात लोड करा, चित्र आजचंच. खर्च सगळा फिल्म आणि लॅबचा, 400 फूट फिल्मचं मॅगझिन (फिल्मचा डबा) साडेचार मिनिटांत संपायचं! कॅमेरा मात्र आजीच्या शिलाई मशीनसारखा, तेलपाणी करत राहा, चालतोय.

डिजिटलमध्ये काय झालं, तर फिल्म कॅमेऱ्यातच कायमची बसली, सेन्सर होऊन. आता नवा स्टॉक हवा तर नवा कॅमेराच घ्या. 2007 मध्ये रेड कंपनीचा रेड वन आला, 4के (म्हणजे चित्राची रुंदी साधारण चार हजार पिक्सेल), बॉडी 17,500 डॉलर, आणि सगळ्यांचे हिशोबच बदलले. रेडने नंतर जुन्या बॉडीत नवा सेन्सर बसवून द्यायची सोय केली होती खरी, पण थोड्याच दिवसांत त्यांचाच पुढचा कॅमेरा एपिक आला, मग रेड वन कोण विचारतो. मुंबईत शूट झालेल्या स्लमडॉग मिलियनेरला सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर मिळालं, त्यातला बराचसा भाग एसआय-2के नावाच्या छोट्या कॅमेऱ्यावर होता, आज ते नाव तरी कुणाला आठवतं का?

ॲलेक्साची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला तीच जास्त लागते. त्याचं चित्र म्हातारं झालंच नाही. तेच सेन्सर डिझाइन 2015 च्या ॲलेक्सा मिनीत चाललं, 2018 च्या ॲलेक्सा एलएफमध्ये मोठं करून चाललं, खरा नवा सेन्सर आला तो थेट 2022 च्या ॲलेक्सा 35 मध्ये. म्हणजे बारा वर्षं! तरी क्लासिकचा भाव पडला, कारण नेटफ्लिक्सने ओरिजिनल्ससाठी खऱ्या 4के कॅमेऱ्याची अट घातली आणि हा बिचारा 2.8के. शिवाय नुसती बॉडी सहा किलोच्या वर आणि मिनी सव्वादोन-अडीच किलोची, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं उपकरण) आणि ड्रोनच्या जमान्यात मोठ्याला भाड्याने नेणार कोण. मग 2020 ला रेडचा छोटा कॅमेरा कोमोडो सहा हजार डॉलरच्या आत आला आणि उरलीसुरली हवाही गेली.

गंमत म्हणजे लेन्सचं उलटं झालं. पीएल माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची बैठक, चाळीस वर्षं तोच, आणि जुन्या कुक स्पीड पॅन्क्रो लेन्सचे भाव उलट चढले, डिजिटलचा कोरडा शार्पनेस मोडायला त्याच लागतात. शहाण्यांनी बॉडी भाड्याने आणली आणि पैसे काचेत घातले.

आता क्लासिक घेताना लोक मेनूत जाऊन आधी कॅमेरा किती तास चाललाय ते बघतात, जुन्या गाडीचे किलोमीटर बघावेत तसे. मग कानाजवळ धरून फॅनचा आवाज ऐकतात, एसएक्सएस कार्डं (रेकॉर्डिंगची मेमरी कार्डं) किती देताय ते विचारतात, आणि चित्राबद्दल शेवटपर्यंत कुणी काही विचारत नाही.