बौद्धिक भांडवल आणि नफा: एका गुणांकाची पार्श्वभूमी

बौद्धिक भांडवल, म्हणजे कंपनीच्या माणसांचं ज्ञान, कामाच्या पद्धती आणि नाती, वाढलं की कंपनीची कामगिरी सुधारते, असा निष्कर्ष काढणारे शोधनिबंध गेल्या २५ वर्षांत ढिगाने निघाले आहेत. बँका, औषध कंपन्या, सॉफ्टवेअर, हॉटेलं, काही सुटलेलं नाही. त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याचा आधार एकच गुणांक आहे, व्हीएआयसी (व्हॅल्यू अ‍ॅडेड इंटलेक्चुअल कोएफिशंट). तो एवढा रुळला कसा, हे समजायला आधी ताळेबंदाकडे वळावं लागतं.

ज्ञान आणि अनुभवाला किंमत असते हा विचार जुनाच, तो आधी थोडक्यात. १९३६ मध्ये एका अमेरिकी अभियंत्याने विमान कारखान्यांतल्या अनुभवावरून दाखवलं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर विमानामागची मजुरी साधारण २० टक्क्यांनी उतरते. कंपनीची वाढ तिच्या व्यवस्थापकांच्या साठलेल्या अनुभवाने ठरते, ही मांडणी १९५९ मध्ये ग्रंथरूपात आली. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या ज्ञाननिर्मितीचा पहिला मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. १९५८ च्या एकूण राष्ट्रीय उत्पादनात तिचा वाटा सुमारे २९ टक्के निघाला होता.

कंपन्यांची हिशेबवही मात्र दुसऱ्याच वाटेने गेली. ऑक्टोबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लेखामानक मंडळाने ठरवलं की संशोधन आणि विकासावरचा पैसा ज्या वर्षी खर्च झाला, त्याच वर्षी नफातोटा पत्रकात टाकायचा. तोवर काही कंपन्या तो मालमत्ता म्हणून ताळेबंदात धरत आणि पुढच्या वर्षांत थोडा थोडा खर्ची घालत. मंडळाचं कारण साधं होतं: पुढे मिळणारा लाभ अनिश्चित असतो आणि अमुक खर्चातून अमुक उत्पन्न आलं असं दाखवता येत नाही. सावधपणा म्हणून हा निर्णय मला आजही समर्थनीय वाटतो. पण त्यामुळे ज्ञानावर पैसा लावणारी कंपनी लावण्याच्या वर्षी कमी नफ्याची दिसू लागली, आणि तिने काय कमावून ठेवलं याची नोंद कुठेच उरली नाही.

१९८८ मध्ये ब्रिटनमधल्या एका खाद्यपदार्थ कंपनीने, दुसऱ्या कंपनीने आपला ताबा घेण्यासाठी केलेला प्रयत्न परतवताना, स्वतः घडवलेल्या ब्रँडची किंमत थेट ताळेबंदात लिहिली. त्यावरून मोठा वाद पेटला. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने ते दार बंद केलं. संशोधन खर्चातच राहिलं. विकासाचा भाग सहा अटी पूर्ण झाल्या तरच मालमत्ता. घरच्या घरी उभा केलेला ब्रँड, ग्राहकांची यादी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, यांतलं काहीच ताळेबंदात घ्यायचं नाही. तोच ब्रँड आणि तीच यादी दुसरी कंपनी विकत घेताना सोबत आली, तर ती घ्यायची. कमावलेलं ज्ञान बाहेर आणि विकत घेतलेलं आत, अशी ही विभागणी आजही तशीच आहे.

याच काळात स्वीडनमधल्या एका विमा कंपनीने वेगळा प्रयोग केला. तिने १९९१ मध्ये बौद्धिक भांडवलासाठी खास पद निर्माण केलं आणि १९९४ च्या वार्षिक अहवालाला त्याच विषयाची पुरवणी जोडली. ‘संरचनात्मक भांडवल’ हा शब्द रुजला तो इथून. संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर कंपनीत जे मागे राहतं ते, अशी त्याची व्याख्या होती: कामाच्या लेखी पद्धती, संगणक प्रणाली, ग्राहकांची माहिती. माणसांच्या डोक्यातलं ते मानवी भांडवल. पुढे ग्राहक आणि पुरवठादारांशी असलेलं नातं ‘संबंध भांडवल’ म्हणून वेगळं धरण्याचा प्रघात पडला. पेटंट आणि कॉपीराइट म्हणजे बौद्धिक संपदा, ती या सगळ्याचा एक लहान तुकडा. मराठीत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, म्हणून हे सांगणं भाग आहे.

पुरवणीतले निर्देशक त्या एका कंपनीपुरते होते. दुसऱ्या कंपनीशी तुलना करायची, तर आकडे हवेत, आणि ते छापील अहवालात हवेत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य युरोपातल्या एका अर्थतज्ज्ञाने ही अडचण सोडवली. त्याची रीत अशी: कामकाजी नफ्यात वेतनखर्च आणि घसारा (यंत्रं, इमारती झिजल्यापोटी धरलेला खर्च) मिळवला की मूल्यवर्धन मिळतं. मूल्यवर्धनाला वेतनखर्चाने भागलं की मानवी भांडवलाची कार्यक्षमता. मूल्यवर्धनातून वेतनखर्च वजा केला की संरचनात्मक भांडवल. त्याला मूल्यवर्धनाने भागलं की त्याची कार्यक्षमता. मूल्यवर्धनाला गुंतवलेल्या भांडवलाने भागायचं, ही तिसरी संख्या. तिन्हींची बेरीज म्हणजे व्हीएआयसी.

संरचनात्मक भांडवल या शब्दाचं इथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये तो पद्धतींचा आणि प्रणालींचा साठा होता. इथे वेतन वजा केल्यावर उरतो तो नफा आणि घसारा. नाव तेच राहिलं, आतली वस्तू बदलली, आणि नंतरचे कित्येक शोधनिबंध प्रस्तावनेत पहिली व्याख्या देऊन तक्त्यांत दुसरी वापरत आले.

दुसरी अडचण गणिताची. एका कंपनीचा वेतनखर्च १००, कामकाजी नफा २००, गुंतवलेलं भांडवल ५०० धरू. घसारा बाजूला ठेवू. मूल्यवर्धन ३००. तीन संख्या येतात ३, ०.६७ आणि ०.६०, बेरीज ४.२७. आता कंपनीने आपले सर्वांत अनुभवी लोक घरी पाठवले आणि वेतनखर्च ८० वर आणला. त्या वर्षी विक्री टिकली तर नफा २२० होतो, मूल्यवर्धन ३०० च राहतं. संख्या होतात ३.७५, ०.७३ आणि ०.६०, बेरीज ५.०८. ज्यांच्याकडे ज्ञान होतं ते गेले आणि बौद्धिक भांडवलाचा गुणांक चढला. शिवाय दुसरी संख्या पहिलीतूनच निघते, एकातून पहिलीचा व्यस्तांक वजा केला की झालं. म्हणजे ते वेगळं मोजमाप नाहीच.

या गुणांकात नफा आधीच बसलेला असतो. मग त्याचा मालमत्तेवरील परताव्याशी, म्हणजे नफा भागिले मालमत्ता या संख्येशी, संबंध तपासला, तर संबंध सापडणारच. दोन्हीकडे तोच नफा आहे. २०११ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी हे सविस्तर मांडलं: हा गुणांक श्रम आणि भांडवल यांची कार्यक्षमता सांगतो, बौद्धिक भांडवलाबद्दल काही सांगत नाही. त्यानंतरही वापर थांबला नाही. गुणांकाच्या सुधारित आवृत्तीत विक्री आणि जाहिरातीचा खर्च संबंध भांडवल म्हणून जोडला गेला. नवख्या संशोधकाला दोष देण्याची माझी इच्छा नाही, कारण १९७४ आणि १९९८ च्या निर्णयांनंतर बहुतेक कंपन्यांच्या अहवालात हाती लागण्याजोगा ज्ञानाशी संबंधित आकडा वेतनाचाच उरला होता.

राष्ट्रीय हिशेबाने दरम्यान वेगळी वाट धरली. २००८ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार संशोधन-विकास ही गुंतवणूक ठरली आणि २०१३ मध्ये अमेरिकेने त्याप्रमाणे जीडीपीचे आकडे फेरमांडले. तोच पैसा आता देशाच्या हिशेबात मालमत्ता आणि कंपनीच्या हिशेबात खर्च आहे. डिसेंबर २०१३ मध्ये एकात्मिक अहवालाच्या, म्हणजे कंपनीने आर्थिक आणि इतर माहिती एकत्र कशी द्यावी हे सांगणाऱ्या, चौकटीने सहा प्रकारची भांडवलं मांडली, त्यांत बौद्धिक आणि मानवी ही दोन स्वतंत्र. तिथे भर वर्णनावर आहे, मोजमापावर नाही.

असं ज्ञान कामगिरी सुधारतं याचा नफ्यापासून अलग पुरावा हवा असेल, तर मला सर्वांत भक्कम वाटतो तो भारतातल्या १७ कापड कंपन्यांतला प्रयोग, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला. चिठ्ठी टाकावी तसे काही कारखाने निवडून त्यांना काही महिने मोफत सल्लागार दिले. यंत्रांची नियमित देखभाल, साठ्याच्या नोंदी, दोषांचा रोजचा हिशेब, अशा पद्धती त्यांनी बसवून दिल्या. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत त्या कंपन्यांनी नवे कारखानेही उघडले. इथे आधी पद्धत बदलली, आकडे नंतर तपासले.

नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा गेले. रुजवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटल्या होत्या, तरी इतर कारखान्यांच्या मानाने मोठा फरक टिकून होता. एकाच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत त्या पसरल्या होत्या, एका कंपनीतून दुसरीत फारशा गेल्या नव्हत्या. पद्धती का सुटल्या, यावर वारंवार मिळालेली उत्तरं दोन होती: संचालकांना वेळ मिळत नव्हता, आणि व्यवस्थापक बदलले होते.