होडी आधी, पंखा मग, इंजिन शेवटी

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या, जाळी विणायला काढलेली. नव्या होडीचा विचार बहुतेक घरांत याच दोन महिन्यांत होतो आणि बोलणं सुरू होतं ते एकाच प्रश्नावरून: "किती एचपीचं इंजिन घेऊ?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. होडी किती वेगानं जाणार हे बऱ्याच अंशी पाणी ठरवतं, होडीची लांबी ठरवते. ते समजून न घेता घेतलेली जास्तीची अश्वशक्ती रोज पेट्रोल पिते आणि त्याच्या बदल्यात फारसं काही देत नाही.

भरलेली होडी पुढे सरकते तेव्हा नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापाशी, पाणी बाजूला ढकललं जातं आणि तिथे एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांबत जाते, कारण खोल पाण्यात लाटेचा वेग आणि तिची लांबी यांचं नातं पक्कं आहे. जितकी लांब लाट, तितकी ती वेगवान. एका वेगाला लाटेची लांबी बरोबर होडीच्या पाण्यातल्या लांबीइतकी होते. एक माथा नाळेशी, दुसरा मागच्या फळीशी, मधे खळगा. त्यापुढे वेग वाढवू गेलं की मागचा माथा होडीच्या मागे निसटतो, होडीची मागची बाजू खळग्यात बसते, नाळ वर उचलली जाते आणि होडी आपणच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते. इंजिन ओरडतं, धूर वाढतो, वेगाचा काटा मात्र जेमतेम हलतो.

हा वेग काढायला सोपं सूत्र आहे: होडीची पाण्यातली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ नं गुणायचं. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, येतं. पाण्यात २५ फूट बसणाऱ्या होडीसाठी ते ६.७ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२.४ किलोमीटर. ९.९ एचपी लावा नाहीतर २५ एचपी, भरलेली होडी या आकड्याच्या आसपासच घुटमळते.

याचं शास्त्र मांडलं ते विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं. १८६७ मध्ये त्यानं डार्ट नदीत दोन वेगवेगळ्या आकारांच्या नौकांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. एक टोकदार, दुसरी बोथट टोकांची. कमी वेगाला एक सरस ठरली, जास्त वेगाला दुसरी. आदर्श आकार असा एकच नसतो, तो वेगाप्रमाणे बदलतो, हे तिथे प्रत्यक्ष दिसलं. पुढे टॉर्की गावी त्यानं प्रतिकृती ओढून पाहायचा लांब हौद बांधला. आजही मोठी जहाजं आधी अशाच हौदात तपासली जातात.

या मर्यादेखाली चालणाऱ्या होडीला शक्ती फार थोडी लागते. होडी, माणसं, जाळी, बर्फ आणि मासळी धरून दर टनाला चार-पाच अश्वशक्ती पुरते. म्हणजे सगळं मिळून दोन टन भरणाऱ्या होडीला १० एचपी. वारं आणि ओहोटीचा ओढा सामोरा असेल म्हणून थोडी जास्त धरा. पण ४० कशाला?

वेगासाठी लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. हाच हिशोब उलटा मांडला की फायदा दिसतो. वेग २० टक्के कमी केला तर शक्ती जवळपास निम्म्यावर येते आणि तेवढंच अंतर कापायला इंधन साधारण ३६ टक्के कमी लागतं. मर्यादेच्या अगदी जवळ तर बचत याहूनही जास्त होते, कारण तिथे लाटेचा विरोध घनापेक्षाही झपाट्यानं वाढत असतो. १० सागरी मैलांच्या फेरीला ६.७ नॉटनं दीड तास लागतो. ५.४ नॉटनं गेलं तर वीस-बावीस मिनिटं जास्त. बाजाराची बोली चुकणार नसेल तर ही वीस मिनिटं म्हणजे रोज हातात राहणारा पैसा आहे.

लाटेच्या सापळ्यातून सुटायची एक वाट आहे. होडी हलकी, तळ मागे सपाट होत गेलेला आणि शक्ती भरपूर असेल तर होडी पाणी कापायचं सोडून पाण्यावरून सरकू लागते. पर्यटकांना फिरवणाऱ्या स्पीडबोटी अशाच पळतात. त्यासाठी साधारण दर २० ते २५ किलो वजनाला एक अश्वशक्ती लागते. रिकामी होडी या हिशोबात बसते. पण पहाटे बांगड्यानं भरलेल्या टपांचं वजन आत आलं की ती पाण्यात बसते, आणि मोठं इंजिन घेऊनही परतीचा प्रवास त्याच सहा-सात नॉटनं होतो. मासेमारीच्या होडीला जाताना वेग मिळतो आणि येताना मिळत नाही, आणि घाई असते ती नेमकी येताना. ज्यांचा माल थोडा पण किमती आहे, गळावर सुरमई मारून तासाभरात बंदरावर पोचायचं आहे, त्यांच्यासाठी सरकणारी होडी योग्य. जाळ्यानं मासेमारी करणाऱ्याला ती परवडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

होडी कशी घ्यावी हे ती कुठून सुटणार त्यावर आहे. खाडीत कायम पाण्यात नांगरलेली राहणार असेल तर खोल तळ चालतो. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, ढकलत न्यायची असेल तर तळ उथळ हवा आणि वजन चार माणसांना पेलेल इतकं. मागच्या फळीवर बाहेरून टांगलेल्या आऊटबोर्ड इंजिनाचा खरा उपयोग इथेच आहे: पुळणीजवळ आलं की ते वर उचलता येतं. फार सपाट तळ मात्र समोरच्या लाटेवर आपटतो आणि फायबरचे थर हळूहळू सुटू लागतात.

फायबरची होडी घेताना रंग बघू नका. होडीच्या आत वाका, रंग न दिलेली बाजू उन्हात नीट पाहा. पांढुरके कोरडे डाग दिसले तर तिथे काचेच्या धाग्यांत रेझिन, म्हणजे धागे घट्ट धरणारा चिकट द्रव, पूर्ण मुरलेलं नाही. नाण्यानं ठिकठिकाणी टकटक करा. खणखणीत आवाज येता येता मधेच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेले आहेत किंवा आत पोकळी आहे. जाडीबाबत तडजोड करू नका. एकाच प्रकारच्या थराची जाडी ५ वरून ६ मिलिमीटर केली की वाकण्याला होणारा विरोध सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो, कारण तो जाडीच्या घनावर अवलंबून असतो. आणि इंजिन जिथे बसतं त्या मागच्या फळीची भोकं बघाच. आत बहुधा प्लायवूड असतं. भोकं नीट बुजवलेली नसली की खारं पाणी मुरतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारी फळी आतून कुजते.

आता पंखा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या टोकाला पाण्यात फिरणारा प्रोपेलर. सगळ्या खरेदीत सर्वांत कमी लक्ष याच्याकडे जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, इंचांत. पहिला व्यास. दुसरा पिच, म्हणजे स्क्रू लाकडात शिरावा तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जाईल ते अंतर. समजा इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेतंय, गिअर २:१ आहे आणि पिच १० इंच. पंखा २,७५० फेरे घेणार, म्हणजे तो ताशी ४२ किलोमीटर वेगाच्या होडीसाठी बनलेला आहे. आपली होडी जाते १२ नं. पाती पाण्याला फार तिरपी भिडतात, इंजिन दमतं, फेरे चढत नाहीत आणि इंधनाचा बराच भाग पाणी घुसळण्यात जातो. दुकानात इंजिनावर चढवून मिळणारा पंखा पुष्कळदा हलक्या, वेगवान होडीसाठीचा असतो.

भरलेल्या संथ होडीला व्यास मोठा, पिच लहान आणि फेरे कमी असा पंखा हवा. कारण साधं आहे. होडीला रेटा मिळतो तो पाणी मागे ढकलल्यानं. सेकंदाला १०० किलो पाणी २ मीटर वेगानं ढकललं तर २०० न्यूटन रेटा मिळतो आणि मागे सोडलेल्या पाण्यात दर सेकंदाला २०० जूल ऊर्जा वाया जाते. ५० किलो पाणी ४ मीटर वेगानं ढकललं तरी रेटा २०० न्यूटनच, पण वाया जातात ४०० जूल. तेवढ्याच ढकलण्यासाठी नुकसान दुप्पट. म्हणून पुष्कळ पाणी सावकाश ढकलणारा मोठा पंखा फायद्याचा. काही कंपन्या ९.९ एचपीच्या वर्गात ३:१ च्या आसपास गिअर आणि मोठा पंखा असलेला 'हाय थ्रस्ट' प्रकार बनवतात. आपल्या कामाच्या होडीला तो मागवून घ्यावा, जरा थांबावं लागलं तरी.

इंजिनात टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा वाद जुना आहे. साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतं तेव्हा धूर बाहेर जायची वाटही उघडी असते. त्यामुळे २५ ते ३० टक्क्यांपर्यंत इंधन न जळताच पाण्यात जातं. अमेरिकेनं १९९६ मध्ये याच कारणासाठी आऊटबोर्डच्या उत्सर्जनावर नियम आणले. दर अश्वशक्तीमागे तासाला फोर-स्ट्रोकला सुमारे ०.३ लिटर पेट्रोल लागतं, जुन्या टू-स्ट्रोकला ०.४५ च्या आसपास, वर तेलाचा खर्च वेगळा. उलट १५ एचपीचं टू-स्ट्रोक ४० किलोच्या आतबाहेर असतं, फोर-स्ट्रोक ५० च्या आसपास. पुळणीवर रोज खांद्यावरून न्यायच्या इंजिनात हे दहा किलो जाणवतात. टू-स्ट्रोक गावातला मेकॅनिकही उघडू शकतो, याचंही मोल आहे. तरीही वर्षाचे दोनशे दिवस समुद्रात जाणाऱ्यानं फोर-स्ट्रोकच घ्यावं. दहा अश्वशक्तीवर तीन तास चालवलं तरी रोज चार-साडेचार लिटर वाचतात.

केरळात आऊटबोर्ड रॉकेलवर चालवायची पद्धत पडली. पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की रॉकेलवर न्यायचं. रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता, कमी, म्हणून अशा इंजिनात दाब कमी ठेवावा लागतो. पेट्रोलचं इंजिन तसंच रॉकेलवर लावलं तर आतून ठोके देतं आणि लवकर मोडतं.

पेट्रोलबाबत आज एक नवी काळजी आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि बहुतेक आऊटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांची मर्यादा सांगतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. समुद्रावर ओलीला तोटा नाही. पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि नळी तिथूनच इंधन ओढते. इंजिन बंद पडतं ते खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात तिथे. म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारा: हे मॉडेल किती इथेनॉल चालवून घेतं? लेखी उत्तर मागा. पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मधे बसवून घ्या, आणि बंदीच्या काळात टाकीत पेट्रोल ठेवू नका.

विजेच्या आऊटबोर्डचं मला मनापासून आकर्षण आहे. पण एक लिटर पेट्रोलमधून पंख्यापर्यंत जितकं काम पोचतं तितक्यासाठी आज दहा-पंधरा किलो बॅटरी लागते. खाडीतल्या छोट्या फेरीला ती चालेल. दिवसभराच्या मासेमारीला अजून नाही.

घेताना इंजिनाच्या उभ्या दांड्याची लांबी होडीच्या मागच्या फळीशी जुळवा. फळी १५ इंच उंच असेल तर आखूड दांडा, २० इंच असेल तर लांब. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा लाटेत हवा ओढतो आणि नुसता गरगर फिरतो. झिंकचे तुकडे जागेवर आहेत का बघा. खाऱ्या पाण्यात इंजिनाच्या अल्युमिनियमऐवजी ते झिजतात. त्यांच्यावर रंग लावला तर त्यांचं काम बंद पडतं.

मग चाचणी, आणि ती रिकाम्या होडीत करून चालत नाही. परतीच्या वेळचं वजन भरा, मासळीऐवजी पाण्याचे ड्रम चालतील. फेरे मोजायचा मीटर लावा आणि पूर्ण थ्रॉटल द्या. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० फेरे लिहिले असतील आणि मीटर ४,४०० दाखवत असेल तर इंजिन बदलू नका, पंखा बदला. एक इंच पिच कमी केलं की फेरे साधारण २०० नं वाढतात, म्हणजे इथे तीन-चार इंच कमी पिचचा पंखा लागेल. तो आपल्या इंजिनासाठी मिळतो का, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारून ठेवा.