अवकाशयानाचे कोणते किट विकत घ्याल? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

प्लॅस्टिकची मॉडेल जोडणाऱ्या हौशी मंडळींना एखादा उत्पादक विचारतो, ‘अमुक यानाचे किट काढले तर घ्याल का?’ उत्तर देणारा आपल्या आवडीचा विचार करतो, विचारणारा साच्याच्या खर्चाचा. दोघांच्या मनातला हिशेब वेगळा असतो आणि या छंदाचा बराचसा इतिहास या दोन हिशेबांमधल्या अंतरात दडलेला आहे. पहिली कित्येक वर्षे तर हा प्रश्न कोणी उघडपणे विचारतच नसे. कोणते यान खोक्यात बसून दुकानात येणार हे वर्तमानपत्रांचे मथळे, सरकारी गुप्तता आणि कारखान्याचा जमाखर्च मिळून ठरवत.

आधी साच्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण सगळे तिथेच अडते. प्लॅस्टिकची किट १९३६ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने सुरू झाली. तेव्हा सेल्युलोज ॲसिटेट वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन आले आणि छंदाचा धंदा झाला. अमेरिकेत रेवेल, मोनोग्राम आणि ऑरोरा, तर ब्रिटनमध्ये एअरफिक्स ही नावे घरोघरी पोचली. पण पद्धत एकच होती: आधी मोठ्या आकाराचा नमुना घडवायचा, पँटोग्राफवर त्याचा आकार लहान करत धातूत कोरायचा, मग त्या साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरायचे. एकदा साचा तयार झाला की एकेक किट अगदी स्वस्तात निघते. साचा मात्र प्रचंड महाग. म्हणून हजारो खोकी खपण्याची खात्री असल्याशिवाय कोणी त्याला हात घालत नसे, आणि साचा चुकला तरी तो मोडीत काढणे परवडत नसे. या दुसऱ्या गोष्टीचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत.

अवकाशयानांची पहिली किट निघाली तेव्हा माणसांना घेऊन जाणारी खरी अवकाशयाने नव्हतीच. रेवेलने १९५७ साली ‘एक्सएसएल-०१’ नावाचे एक कल्पित चांद्रयान बाजारात आणले. मोनोग्रामने १९५९ साली रॉकेटविषयक लेखनासाठी प्रसिद्ध असलेल्या विली ले यांच्या आराखड्यांवरून चार किट काढली. त्यांत अंतराळातली टॅक्सी होती, प्रवासी रॉकेट होते. ही मॉडेल म्हणजे त्या काळातल्या अभियंत्यांनी मनापासून पाहिलेले भविष्य होते. माझ्या मते अवकाशयानांच्या किटमधला हा सर्वांत निर्मळ कालखंड आहे. अचूकतेची तक्रार करायला समोर मूळ वस्तूच नव्हती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह झेपावला आणि चित्र पालटले. अमेरिकी दुकाने क्षेपणास्त्रांच्या किटनी भरून गेली. मोनोग्रामच्या एकाच खोक्यात तर ३१ क्षेपणास्त्रांचा संच मिळत असे. या काळात माहिती कुठून मिळवायची आणि किती दाखवायची हाही प्रश्न उभा राहिला. रेवेलने पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या अणुपाणबुडीचे किट काढले, तेव्हा अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी १९६१ साली जाहीर नाराजी व्यक्त केली. तीनेक डॉलरच्या खेळण्यातून शत्रूला पाणबुडीची अंतर्गत रचना कळते, असा त्यांचा आक्षेप होता. विषय पाणबुडीचा असला तरी किट बनवणारे किती खोलवर माहिती काढत आणि तीवर कोणाची नजर असे, हे त्यातून दिसते.

सोव्हिएत बाजूला तर किट बनवायला हाताशी काहीच नव्हते. युरी गागारिन १९६१ साली पृथ्वीभोवती फिरून आले, पण त्यांचे व्होस्टोक यान नेमके कसे दिसते हे जगाला १९६५ सालापर्यंत दाखवले गेले नाही. त्याचे रॉकेट १९६७ साली पॅरिसच्या विमानप्रदर्शनात उभे राहिले, तेव्हा पाश्चात्त्य मंडळींनी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. एअरफिक्स आणि रेवेल या दोघांची व्होस्टोकची किट त्यानंतरची आहेत. एन-१ या सोव्हिएत चांद्ररॉकेटचे अस्तित्व तर अधिकृतपणे १९८९ साली मान्य झाले. त्याआधी एखाद्या हौशीला ‘कोणते रॉकेट हवे?’ असे विचारले असते, तर त्याच्या यादीत एन-१ येणे शक्यच नव्हते. जे ठाऊक नाही ते मागणार कसे?

मग अमेरिकेची अपोलो चांद्रमोहीम आली. या छंदाचा सुवर्णकाळ तोच, आणि त्यातल्या चुकांचे मूळही तिथेच आहे. चंद्रावर माणूस उतरेल त्या दिवशी किट दुकानात हवे, ही प्रत्येक कंपनीची धडपड होती. त्यासाठी साचे बरेच आधी, हाती आलेल्या आराखड्यांवरून कोरावे लागले. खुद्द यान मात्र बदलत होते. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या सरावात लागलेल्या आगीत तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर चंद्रावर जाण्यासाठी जे यान सिद्ध झाले त्याचे दार आणि इतर तपशील आधीच्या आवृत्तीपेक्षा वेगळे होते. कारखान्यातले साचे जुन्याच आवृत्तीचे राहिले. अपोलोला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचे किट रेवेलने १/९६ प्रमाणात, म्हणजे मूळच्या ९६ पट लहान काढले; त्याच्या टोकावर बसलेले यान ओळखीच्या अपोलो-११ चे नाही, त्याच्या आधीच्या पिढीचे आहे, ते यामुळे.

रंगाचीही हीच कथा. २५ मे १९६६ रोजी केनेडी अवकाश केंद्रात उड्डाणस्थळाची चाचणी घेण्यासाठी एसए-५००एफ नावाचे सॅटर्न बाहेर काढण्यात आले. ते उडणार नव्हते, उडण्यासाठी बनलेलेही नव्हते. त्याच्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी पुढच्या खऱ्या रॉकेटांहून वेगळी होती. पण छायाचित्रे त्याचीच आधी छापून आली आणि कित्येक किटच्या रंगसूचनांमध्ये तेच पट्टे जाऊन बसले. आजही एखाद्याच्या कपाटातले सॅटर्न पाहून जाणकार हळूच पट्ट्यांकडे नजर टाकतात, त्याचे कारण हे.

तरीही त्या किटचे मोल मी कमी लेखणार नाही. रेवेलचे सॅटर्न जोडून झाले की सुमारे ११५ सेंटीमीटर उंच उभे राहते. मोनोग्राम आणि एअरफिक्स यांची १/१४४ प्रमाणातली सॅटर्न ७७ सेंटीमीटरच्या आसपास. ११० मीटर उंचीचे यंत्र म्हणजे काय, हे आकड्यांतून कळत नाही. हाताने थर चढवत नेले, पहिल्या टप्प्याचा नळकांडा केवढा आणि माणसे बसतात ती टोकाची कुपी केवढीशी हे बोटांना जाणवले, म्हणजे कळते.

डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ परतले. लोकांचे लक्ष ओसरले, आणि लगेच १९७३ च्या तेलसंकटाने पॉलिस्टायरिन महाग झाले. पुढे कंपन्यांचीही पडझड झाली. ऑरोरा १९७७ साली संपली आणि तिचे साचे मोनोग्रामकडे गेले. एअरफिक्स १९८१ साली बुडाली, हात बदलत २००६ साली हॉर्नबीकडे आली. रेवेल आणि मोनोग्राम १९८६ साली एका मालकीखाली आल्या. त्यांच्या पुढच्या मालकाने, हॉबिकोने, २०१८ च्या जानेवारीत दिवाळखोरी जाहीर केली. मालक बदलले, साचे मात्र गोदामातून गोदामात फिरत राहिले. मागणी आहे असे दिसले की नवा साचा कोरण्यापेक्षा जुना झाडून पुसून पुन्हा चालवायचा, हे गणित कोणत्याही मालकाला पटते. म्हणूनच २०१९ साली चांद्रविजयाच्या पन्नाशीला रेवेलने काढलेले सॅटर्न हे मूळच्या १/९६ किटचेच पुनर्मुद्रण होते. हौशींनी ‘सॅटर्न हवे’ म्हटले होते, त्यांच्या मनात ‘नवे, बरोबर सॅटर्न’ असे असणार. प्रश्न अर्धवट विचारला की उत्तरही अर्धवटच पोचते.

मोठ्या कंपन्यांनी सोडलेली जागा लहान कारागिरांनी भरली. ऐंशी-नव्वदच्या दशकांपासून रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकची, किट येऊ लागली. सिलिकॉन रबराचा साचा घरच्या घरी बनतो, त्यात रेझिन ओतता येते, पण काही डझन प्रती काढल्या की साचा झिजतो. म्हणजे हजारो गिऱ्हाइकांची गरजच उरली नाही. तीस-चाळीस जणांनी ‘हो’ म्हटले तरी काम सुरू करता येते. अमेरिकेतले रिअलस्पेस मॉडेल्स, चेक प्रजासत्ताकातले न्यू वेअर अशा छोट्या उद्योगांनी मोठ्यांनी कधी न शिवलेले विषय घेतले: ग्रहांकडे गेलेली मानवरहित याने, सोव्हिएत रॉकेटे, जुन्या चुकीच्या किटवर बसवायचे दुरुस्त सुटे भाग. ‘कोणते किट घ्याल?’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे जन्मला, कारण इथे विचारणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते. किंमत जास्त आणि जोडणे कठीण, पण विषय मनासारखा.

जपानमध्ये या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. हायाबुसा हे छोटे यान २००३ साली निघाले, इटोकावा लघुग्रहावर पोचले, वाटेत इंजिने आणि संपर्क दोन्ही गमावत-सावरत १३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियाच्या आकाशात जळत परतले. त्याची कुपी मात्र सुखरूप उतरली. साऱ्या देशाने ते परतणे डोळ्यांत पाणी आणून पाहिले. आओशिमा कंपनीने त्याच वर्षी त्याचे १/३२ प्रमाणातले किट काढले. हासेगावा या दुसऱ्या कंपनीने दूरच्या ग्रहांकडे गेलेले व्हॉयेजर यान १/४८ मध्ये आणले. त्याचा चुंबकमापक पेलणारा १३ मीटरचा लांब दांडा किटमध्ये २७ सेंटीमीटरचा होतो. मानवरहित यानाला मोठी कंपनी साचा देत नाही ही समजूत या दोन किटनी मोडली, असे मला वाटते.

आणि जपानमध्येच मतदानाची रीतही सुरू झाली. तुकडे जोडून वस्तू बनवायची खेळणी काढणाऱ्या लेगोने २००८ साली तिथे ‘कूसू’ हा उपक्रम चालू केला: कोणीही आपले मॉडेल मांडावे, पुरेशी माणसे पाठीशी उभी राहिली तर कंपनी विचार करील. जपानपुरती अट १००० मतांची होती. हायाबुसा त्यातून निवडले गेले आणि २०१२ साली ३६९ तुकड्यांचा संच म्हणून विक्रीला आले. उपक्रम जगभर खुला झाला तेव्हा अट १०,००० मतांवर गेली. पुढे त्याला ‘लेगो आयडियाज’ असे नाव मिळाले. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरचा संच याच मार्गाने २०१४ साली आला, आणि तो मांडणारा त्या रोव्हरवर प्रत्यक्ष काम केलेला अभियंता होता. जून २०१७ मध्ये सॅटर्न-५ आले. उंची सुमारे एक मीटर, तुकडे १९६९. चंद्रावर उतरण्याचे वर्षच तुकड्यांच्या संख्येत बसवले होते. तो संच बंद केल्यावर मागणीमुळे २०२० साली पुन्हा काढावा लागला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकही आले.

लेगोचे तुकडे जोडणे आणि प्लॅस्टिकचे किट चिकटवून, घासून, रंगवून उभे करणे हे वेगळे छंद आहेत, हे खरे. पण मत मागण्याच्या पद्धतीत लेगोने एक महत्त्वाची गोष्ट केली. पाठिंबा देणाऱ्याला नुसते ‘आवडले’ म्हणून सुटका नव्हती. किती किंमत मोजाल, किती संच घ्याल, हेही विचारले जाई. हौशी माणूस उत्साहात दहा यानांची यादी देतो आणि त्यातली दोन विकत घेतो. हे सगळ्या उत्पादकांना ठाऊक आहे. म्हणून आगाऊ नोंदणी किंवा लोकवर्गणी या पद्धती आता छोट्या कारागिरांमध्ये रूढ झाल्या आहेत.

किंमत विचारली जाते, प्रमाण मात्र बहुतेकदा राहून जाते. पूर्वी खोक्याच्या मापात बसेल असे मॉडेल बनवत, त्यामुळे एकाच कंपनीची दोन याने शेजारी ठेवली तर लहान यान मोठे आणि मोठे लहान दिसे. संग्रह करणाऱ्याला हे सोसवत नाही. त्याला सगळी रॉकेटे एका फळीवर, एका प्रमाणात हवी असतात. १/१४४ हे त्यासाठी सोयीचे ठरले आहे, कारण सॅटर्नही त्यात घरात मावते.

भारतीय रॉकेटांचा विचार याच फळीवर करून पाहावा. इस्रोच्या परवानगीने प्रतिकृती विकणाऱ्या भारतीय कंपन्या आता आहेत. पण त्यांतले पुष्कळसे काम टेबलावर ठेवण्याच्या तयार वस्तूचे आहे. ४४.४ मीटर उंचीचे पीएसएलव्ही १/१४४ मध्ये ३१ सेंटीमीटरला थोडे कमी भरते, चांद्रयान-३ घेऊन गेलेले ४३.५ मीटरचे एलव्हीएम-३ तीस सेंटीमीटरचे. दोन्ही मापे किटला उत्तम आहेत. पीएसएलव्हीच्या बुडाभोवतीचे सहा घन इंधनाचे बूस्टर, एलव्हीएम-३ च्या दोन बाजूंचे दोन जाडजूड बूस्टर, तिरंगा आणि अक्षरांची डिकाल (मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रे), शिवाय पीएसएलव्हीचे बूस्टर नसलेले, दोन आणि चार बूस्टरांचे असे वेगवेगळे प्रकार. एका मूळ साच्यातून तीन-चार वेगळी किट निघतात, आणि कारखानदाराला नेमके हेच हवे असते. मला कोणी विचारले, तर माझे उत्तर तयार आहे: १/१४४ मधले पीएसएलव्ही, न रंगवलेले, चारही प्रकारांच्या सुट्या भागांसह, आणि पट्टे प्रत्यक्ष उडालेल्या रॉकेटाच्या छायाचित्रावरून घेतलेले.