घोस्ट म्हणजे गेस्ट नव्हे हो!

घोस्ट हा शब्द गेस्टवरून आला, भूत म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, हे लॉजिक ऐकायला भारी वाटतं पण साफ चूक आहे. जुन्या इंग्रजीत गास्ट म्हणजे आत्मा, श्वाससुद्धा, जर्मन गाइस्ट त्याचाच भाऊ, आणि गेस्टचं खानदानच वेगळं, तिकडे जर्मनमध्ये पाहुण्याला गास्ट म्हणतात (घोळ इथेच होतो बघा). म्हणून तर १६११ च्या किंग जेम्स बायबलमधलं होली घोस्ट म्हणजे पवित्र आत्मा, चादर पांघरलेलं भूत नाही. आणि तो मुका एच? तो मूळचा नाहीच, इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन, त्याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, त्याआधी तो फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमकडचा भाग) राहिलेला, बहुधा तिथल्या फ्लेमिश स्पेलिंगचीच ही लागण.