३५० नॉट आणि ०.८२ मॅक: एकाच विमानाच्या दोन वेगमर्यादा

भाच्याच्या वहीत एक ओळ होती: "व्हीएमओ ३५० नॉट = एमएमओ ०.८२." व्हीएमओ म्हणजे नॉटमधली कमाल वेगमर्यादा, एमएमओ म्हणजे मॅकमधली. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. बरोबरीच्या त्या चिन्हावर मी अडलो.

आम्ही बिजासन टेकडीवर बसलो होतो. खाली इंदूरची धावपट्टी, वर घिरट्या घालणाऱ्या घारी, मध्ये कागदात गार होत चाललेले पोहे. भाचा एअरबस ए-३२० या प्रवासी जेट विमानाच्या पायलट-परीक्षेची तयारी करतोय, म्हणून सध्या उठता-बसता मर्यादांचे आकडे. मी फिजिक्स शिकवतो, विमान चालवत नाही. तरी ते चिन्ह खटकलंच.

"एकच मर्यादा आहे ना, मामा? किलो आणि पाउंडासारखी. खाली नॉटमध्ये, वर मॅकमध्ये."

पाठांतर केलेल्या बहुतेकांचा हाच समज असतो. दोन्ही आकडे कमाल वेगाचे, दोन्ही स्क्रीनवर त्याच लाल-काळ्या पट्ट्याने दाखवलेले. पण एक मर्यादा हवेचा मार मोजते, दुसरी आवाजाशी चाललेली शर्यत.

आधी नॉटची. कॉकपिटमधला वेगाचा आकडा म्हणजे विमानाचा खरा वेग नव्हे. विमानाच्या बाहेर पुढे तोंड करून बसवलेल्या पिटो नळीवर हवा किती जोरात आदळते, त्यावरून तो आकडा निघतो. धावत्या लुनावरून तळहात आडवा धरलात की जो रेटा जाणवतो, तोच इथे मोजलेला असतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. नाकाचं टोपण, पंख, शेपटी, काच, सगळ्यांना सोसावा लागतो तो हाच, त्यामुळे ३५० नॉट ही सांगाड्याची मर्यादा. काचेचा नियम तर मला फार आवडतो: विमानाच्या डिझाइन क्रूझ वेगाला (सरळ प्रवासासाठी आखलेल्या वेगाला), समुद्रसपाटीवरचा हिशेब धरून, ४ पाउंडांचा पक्षी आदळला तरी तो आत घुसता कामा नये. समोरच्या घारी त्याहून बऱ्याच हलक्या. भाच्याने तरी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं.

आता मॅक. हे नाव अर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं. आपण त्याचं मॅक करून टाकलं. ०.८२ मॅक म्हणजे तिथल्या आवाजाच्या वेगाचे ८२ टक्के. यातला "तिथल्या" हा शब्द महत्त्वाचा. हवेत आवाजाचा वेग तापमानावर ठरतो: समुद्रसपाटीला, १५ अंशांना, सुमारे ६६१ नॉट, ३५,००० फुटांवर, उणे ५४ अंशांत, सुमारे ५७६. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा विमानापेक्षा जास्त वेग घेते. विमान ०.८२ ला असताना पंखावर काही जागी ती आवाजालाही मागे टाकते. तिथे शॉक वेव्ह, म्हणजे दाब एकदम चढवणारी लहर, तयार होते. वेग आणखी वाढवला तर ती लहर जोर धरते, तिच्यामागे हवा पंखापासून सुटू लागते, विमान थरथरतं आणि नाक आपोआप खाली झुकू पाहतं. नाक झुकलं की वेग आणखी वाढतो. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की सांगाड्यावरचा रेटा मुळीच फार नसतो. धोका हवेच्या वागण्यात असतो.

मी वही ओढली आणि त्यालाच हिशेब करायला लावला. तापमान प्रमाण वातावरणाचं धरायचं, आकडे गोळाबेरीज.

३५,००० फुटांवर ०.८२ मॅकला स्क्रीनवर किती नॉट दिसतील? सुमारे २८०. म्हणजे ३५० ला अजून ७० कमी, "भरपूर जागा आहे" असं वाटायला लावणारे. प्रत्यक्षात एमएमओ गाठलेला. खरा वेग तिथे सुमारे ४७० नॉट, ताशी पावणेनऊशे किलोमीटर.

आता उलट. चढताना कुणी ३५० नॉट घट्ट धरून ठेवले तर? ३०,००० फुटांवर ते ०.९१ मॅक होतील. आणि उतरताना ०.८२ धरून बसलं, तर १५,००० फुटांवर स्क्रीनवर ४२० नॉट. दोन्ही वेळा पायलटने एक मर्यादा तंतोतंत पाळली, आणि दुसरी कधीच मागे पडली.

"मग दोघी भेटतात कुठे?"

ए-३२० मध्ये साधारण २४,६०० फुटांवर. हा दोघींचा सांधा. फक्त त्या एका उंचीवर वहीतली बरोबरी खरी. तिच्याखाली नॉट आधी आडवे येतात, वर मॅक. म्हणून जेट विमानं चढताना एका उंचीपर्यंत नॉट धरतात, मग मॅक धरतात. उतरताना उलटा क्रम. बोइंग ७३७-८०० ची जोडी ३४० आणि ०.८२, तिचा सांधा २६,००० च्या आसपास. कमी नॉटची मर्यादा आणि सांधा मात्र वर, हे भाच्याला दोनदा करून बघावं लागलं. मलाही पहिल्यांदा लागलं होतं.

मर्यादा ओलांडली की एअरबस टणटण घंटा वाजवत राहते, व्हीएमओच्या ४ नॉट पुढे किंवा एमएमओच्या ०.००६ पुढे गेल्यावर. बोइंगमध्ये खुळखुळ्यासारखी टकटक. या मर्यादांच्या पलीकडेही डिझाइनची जागा असते, कारण विमान चुकून नाक खाली करून काही सेकंद घसरलं तरी टिकावं लागतं. ती जागा चुकीसाठी ठेवलेली; नियमाच्या भाषेत चढताना, क्रूझमध्ये, उतरताना या मर्यादा जाणूनबुजून ओलांडायच्या नाहीत.

जमिनीवरून मोजलेल्या वेगाचा यात काही संबंध नाही, बरं का. थंडीत पाठीमागून जोरदार वारा असला की मोबाइलवरच्या ॲपमध्ये विमान ताशी हजार किलोमीटरच्या वर दिसतं आणि घरच्या ग्रुपवर "बापरे" सुरू होतं. पंखाला जमीन माहीत नसते.

तेवढ्यात खाली एक एटीआर-७२, पंख्यांचं छोटं विमान, उतरलं. त्याचे आकडे २५० नॉट आणि ०.५५ मॅक. "याचा सांधा काढ," म्हटलं. भाच्याने पोह्यांचाच कागद उलटा केला, तेलकट कडा सोडून आकडेमोड केली आणि कागद माझ्यापुढे धरला: २०,३०० फूट. मग वही उघडून त्या बरोबरीच्या चिन्हावर तिरकी रेघ मारली.