लिंगबदल उपचार : वाद आधी तिजोरीचा, मग दवाखान्याचा

अमेरिकेत अल्पवयीनांच्या लिंगबदल उपचारांवर बंदी घालणारे कायदे 2021 पासूनचे. उपचारांचा खर्च कोणी द्यायचा, हा वाद मात्र निदान 1980 पासूनचा. मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेत पैसा केंद्र आणि राज्य दोघांचा असतो आणि काय वगळायचे याची बरीच मोकळीक राज्याला असते. मोकळीक नेमकी किती, याची पहिली उत्तरेच परस्परविरोधी आली. 1980 मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने लिंगबदल शस्त्रक्रियेचा खर्च देण्यास आयोवा राज्याने दिलेला सरसकट नकार बेकायदा ठरवला, तर दुसऱ्याने जॉर्जियाला ही शस्त्रक्रिया 'प्रायोगिक' मानण्याची वाट मोकळी ठेवली.

आयोवाची पुढची गोष्ट बोलकी आहे. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा नकार राज्याच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध ठरवला. विधिमंडळाने त्याच वर्षी तो कायदाच दुरुस्त केला, आणि 2025 मध्ये लिंगओळखीचे संरक्षण त्यातून काढूनच टाकले.

उपचारांवरच पहिली बंदी आर्कान्सासने आणली. गव्हर्नर एसा हचिन्सन रिपब्लिकन असूनही त्यांनी नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी, 6 एप्रिल 2021 ला, विधिमंडळाने तो मोडून काढला. या कायद्यात डॉक्टरांना मनाई आहेच, शिवाय 18 वर्षांखालील मुलांना हे उपचार देणाऱ्या संस्थेला सार्वजनिक पैसा द्यायचा नाही, असेही कलम आहे. दुर्लक्ष होते ते या कलमाकडे, आणि खरा जोर त्याचाच. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या रुग्णालयापुढे मग एक विभाग की सगळे अनुदान, असा हिशेब उभा राहतो. 2022 मध्ये अलाबामाने औषधे देणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद ठेवली. तिथे सज्ञान होण्याचे वय 19, म्हणून बंदीही तिथपर्यंत. आयडाहोने 2024 मध्ये वयाची अटच काढली. प्रौढांसाठीही सार्वजनिक पैसा बंद झाला. मेडिकेड त्यातच आले.

टेनेसीचा 2023 चा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पौगंडावस्था रोखणारे औषध वेळेआधी वयात येणाऱ्या मुलाला देता येते, लिंगबदलासाठी नाही. मग हा भेद लिंगावर आधारलेला की उपचाराच्या कारणावर? 18 जून 2025 ला न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी दुसरे उत्तर दिले: भेद वय आणि वैद्यकीय उपयोग यांवर आहे, म्हणून कायद्याला वाजवी कारण असले तरी पुरे. झळ लगेच पैशाच्या खटल्यांनाही लागली. वेस्ट व्हर्जिनियाचे मेडिकेड आणि नॉर्थ कॅरोलिनातील सरकारी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा यांत हे उपचार वगळणे 2024 मध्ये अपील न्यायालयाने भेदभाव ठरवले होते. तो निकाल रद्द होऊन फेरविचाराला गेला.

पालकांच्या हक्काचा प्रश्न टेनेसीच्या निकालात आलाच नाही, आणि राज्यांची स्वतःची संविधानेही त्याच्या कक्षेबाहेर राहिली. मोंटानातील बंदीला मिळालेली स्थगिती डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली, ती राज्य संविधानातल्या खासगीपणाच्या हक्काच्या आधारावर.